स्वयंपाकघरात कॅमेरा नाही

मंगळवार, संध्याकाळ. राजपुरा.

मागच्या दाराचं कुलूप कोणीतरी तोडलं, तेव्हापासून निखिलचा पुण्याहून एकच हेका. "आई, कॅमेरे लाव, स्वयंपाकघरातही एक. मोबाइलवर तू मला दिसत राहशील." मुलगा आहे, काळजी करतो. पण जन्मभर शाळेत गणित शिकवून आता पोळ्या लाटतानाही कोणाच्या नजरेखाली राहू?

आज लॅपटॉप घेऊनच बुधवाऱ्यातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मावशीजी, हा घ्या, सगळ्यात जास्त चालते."

"माझ्या कॉम्प्युटरमध्ये कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं सॉफ्टवेअर आहे, त्याला जोडता येतो?"

"नाही जी. कंपनीच्या ॲपवरच चालते, रेकॉर्डिंगपण त्यांच्याकडेच राहते."

"मग नको. माझ्या दाराचं रेकॉर्डिंग माझ्या घरात राहील."

तो हसला. मी तिथेच बसून एकेक कॅमेरा जोडून पाहिला. तिसऱ्याचं चित्र कोणत्याही ॲपशिवाय माझ्या सॉफ्टवेअरमध्ये आलं, तसं त्याचं हसू थांबलं. तसले दोन घेतले, पुढच्या आणि मागच्या दारासाठी.

घरी येऊन निखिलला फोनवर सांगितलं.

"आणि स्वयंपाकघरात?"

"तिथे नाही."

"पडलीबिडलीस तर मला कळणार कसं?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी म्हटलं, "रोज सकाळी फोन करीन. नाही आला, तर शेजारच्या कुसुमला घरी पाठव. पण स्वयंपाकघरात कॅमेरा नाही."

फोन ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. पडले तर पडेन. पण धडपडत उठताना मला कोणी पडद्यावर बघत बसणार नाही.