मुळाला हात न लावण्याची शपथ

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. तुझी कंबर, वहिनींचा गुडघा आणि विहिरीवरचा पंप या तिघांच्या प्रकृतीची मी एकदमच विचारपूस करते, कारण तुझ्या मागच्या पत्रात तिघांच्या तक्रारी एकाच वाक्यात होत्या आणि नेमकं तेल कुणाला लावायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी बरी आहे. आवाजही उत्तम आहे. (तू विचारणार नाहीस, म्हणून आपणहून सांगते.)

तुला आठवत असेल, वाचनालयातून निवृत्त झाल्यावर मी आमच्या कोपऱ्यावरच्या शाळेत जाऊ लागले. तिथे एकदा मी चौथीच्या वर्गाला गाजर कुठून येतं असं विचारलं आणि वर्गाने एकमुखाने उत्तर दिलं, पिशवीतून. दादा, मी तिथेच पेटले! ज्या मुलाला आपल्या ताटातलं कुठून आलं हे ठाऊक नाही, त्याला उद्या कुणीही काहीही खाऊ घालील आणि ते मूल वर आभारही मानील. हे माझं मत मी मुख्याध्यापिकांना सांगितलं. (त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी ते पुढच्या चौकापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं.) जेवणघरामागे कचऱ्याने भरलेला एक तुकडा पडून होता. तो त्यांनी मला दिला, बहुधा मी गप्प बसावं म्हणून. मुलांनी दगड वेचले, वाफे केले, आणि तू पाठवलेलं बी पेरलं. गाजर, मुळा आणि बीट. लवकर येतात, मुलांचा धीर टिकत नाही, असं तू चिठ्ठीत लिहिलं होतंस. तुझा हा सल्ला नीट लक्षात ठेव, कारण पुढे जे घडलं त्यातला निम्मा दोष मी तुझ्यावर टाकणार आहे.

आता तुला माझा स्वभाव माहीत आहे. बी पेरलं आणि सगळे हात धुवायला निघाले, एवढ्यावर प्रसंग संपतो हे मला सहन होईना. म्हणून मी मुलांना वाफ्याभोवती उभं केलं आणि एक शपथ दिली. आदल्या दिवशी लिहून ठेवली होती, तीनदा खोडून. एकेका मुलाने एकेक रोप दत्तक घ्यायचं, त्याला नाव द्यायचं, आणि मातीवर हात ठेवून म्हणायचं: ऊन असो, वारा असो, मी याला पाणी देईन, आणि कुणीही आलं तरी मी याच्या मुळाला हात लावू देणार नाही! शेवटच्या वाक्याला माझ्याच अंगावर काटा आला. मुलांनी तर डोळे मिटून म्हटलं. (मूळच खायचं असतं अशाच भाज्या तू नेमक्या का पाठवल्यास, याचा खुलासा तू करशील अशी आशा आहे. पालक पाठवला असतास तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.)

रोपं वाढली. काय वाढली म्हणून सांगू! गब्दुल नावाचं एक बीट होतं, राणीसाहेब नावाचं गाजर होतं, आणि एका मुळ्याचं नाव सरळ मुख्याध्यापिका असं ठेवलं होतं, जे मी त्यांच्यापासून लपवून ठेवलं. मुलं मधल्या सुट्टीत त्यांच्याशी बोलत. एकाने तर आपल्या गाजराला पाढे म्हणून दाखवले. मी कौतुकाने बघत होते आणि मनात काढणीच्या दिवसाचं भाषण जुळवत होते.

तो दिवस उजाडला. मुलांचे पालक आले, मुख्याध्यापिका आल्या, स्वयंपाकाच्या मावशींनी हे एवढं पातेलं चुलीवर चढवलं. मी मुलांना म्हटलं, चला, उपटा! एकही हात पुढे झाला नाही. मुलांनी एकमेकांचे हात धरून वाफ्याभोवती कडं केलं आणि खणखणीत आवाजात शपथ म्हणायला सुरुवात केली. पाठ तर अशी चोख होती की मी कौतुकाने मान डोलावली, आणि मग माझ्या लक्षात आलं की ‘कुणीही आलं तरी’ यातलं ‘कुणीही’ म्हणजे मीच.

मी भाषण केलं. अन्नाचं सार्थक ताटात होतं, वगैरे. चांगलं झालं. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मग कड्यातली एक चष्मेवाली मुलगी (मावशी तिला वकीलबाई म्हणतात) शांतपणे म्हणाली, “आजी, मग शपथ मोडायची असते का?” दादा, दिलेला शब्द पाळावा या विषयावर मी किती व्यासपीठं गाजवली आहेत ते तू जाणतोस. मागून मावशी ओरडल्या, “अहो बाई, पाणी आटलं की पातेल्यातलं! भाजी येतेय की मी डाळ टाकू?” डाळ टाकली.

संध्याकाळी मुख्याध्यापिकांनी मला खोलीत बोलावलं. शाळेच्या समितीला त्या तुकड्यावर स्कूटर लावायला जागा हवी आहे. आजवर मुलं स्वतः पिकवतात आणि खातात असं सांगून त्यांनी समितीला थोपवून धरलं होतं, आणि आता पालकांदेखत मुलांनी डाळ खाल्ली. शुक्रवारपर्यंत या वर्गाने आपल्या हाताने भाजी उपटली, शिजवली आणि खाल्ली तर वाफे राहतील. नाहीतर शनिवारी सगळं सपाट होणार, राणीसाहेबांसकट.

हे मुलांना सांगणं माझ्याच वाट्याला आलं. मी भाषण केलं नाही. सरळ सांगितलं. एक मुलगा रडू लागला, कारण त्याच्या गाजराचा पाढा तेराच्या पुढे गेला नव्हता. मुलांची कोपऱ्यात बैठक बसली. मला त्यात घेतलं नाही. मग वकीलबाई निर्णय घेऊन आल्या: शपथ फक्त शाळेतल्या रोपांची आहे. दुसऱ्यांच्या गाजरांबद्दल कुणी काही म्हटलेलं नाही. शाळेतली रोपं फुलावर येतील, बी धरतील, आणि ते बी आम्ही पुढच्या खेपेला शपथ न घेता पेरू. मुख्याध्यापिकांनी हे मान्य केलं. (त्यांना हसू आवरत नव्हतं, पण त्याला त्या खोकला म्हणाल्या.)

तेव्हा दादा, तुझा मळा कसा आहे? मुळे जून झाले नाहीत ना? सहज विचारलं. वहिनींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. सहज नाही विचारलं. तुला शाळेच्या सहली आवडत नाहीत, मागे कुणीतरी तुझी कोबीची रोपं तुडवली होती, हे मी विसरलेले नाही. टपालाने विचारलं असतं तर तू उलट टपाली नाही म्हणाला असतास. म्हणून हे पत्र टपालाने पाठवलेलं नाही. वर बघ. ज्या मुलीने ते तुझ्या हातात दिलं तीच वकीलबाई, आणि फाटकाबाहेर उभे आहेत ते सगळे तिचे अशील. पातेलं आणि मावशी बसमध्ये आहेत. आज शुक्रवार आहे.

आणखी ता. क. (हे बसमध्ये लिहितेय, अक्षर खड्ड्यांचं आहे.) मी स्वतः उतरून का बोलत नाही, असं तुला वाटेल. मुख्याध्यापिकांनी बस देताना एकच अट घातली: पहिलं गाजर मुलांच्या पोटात जाईपर्यंत मी एक अक्षर बोलायचं नाही. त्या शेजारच्याच आसनावर बसून पहारा देताहेत. सकाळपासून पाळतेय. वाटेत तुझ्या गावची शेतं लागली, मुलांनी खिडकीतून काय काय विचारलं, आणि मी नुसते हातवारे केले. तुझं हसून झालं असेल तर फाटक उघड रे, आणि त्यांना लवकर उपटायला लाव. मला बोलायचंय.