इंजिनाची शिवण

ता. ९ जानेवारी

तीर्थरूप ताईंना वाकून नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. आम्ही दोघं ठीक आहोत, घर मात्र ठीक नाही. शेडमधली ती गोल बोनेटची जुनी मोटार आठवते ना, जिच्यात कोंबडीसुद्धा अंडं घालणार नाही असं तुम्ही म्हणाला होतात? ती तुमच्या भावाने मुळापासून खोलली आहे. दारं पलंगाखाली आहेत, मागचा बाक बैठकीच्या खोलीत, आणि कार्ब्युरेटर माझ्या चांगल्या पातेल्यात रॉकेलमध्ये बुडवून ठेवलाय. परवा एक बाई मुलीच्या फ्रॉकचं माप द्यायला आल्या, त्या सायलेन्सरला अडखळून पडता पडता वाचल्या.

ह्यांच्या हाताचं विचारलंत. डेपोच्या वर्कशॉपमध्ये बसच्या काचेने मनगट कापलं तेव्हा डॉक्टरांनी नस जोडली. जखम भरली, बोटं हलतात, पण अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना काहीच कळत नाही. खिशात हात घातला तर किल्ली कुठली आणि नाणं कुठलं हे बाहेर काढून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. नस फार सावकाश वाढते म्हणे. उन्हाळ्यापर्यंत जाणीव आली तर आली, नाहीतर पुढे फारशी आशा धरू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. डेपोच्या साहेबांनीही सांगितलं की फिटरचं काम बोटांचं. ती आली नाहीत तर फाटकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. ह्यांना ते फाटक सारखं डोळ्यांपुढे दिसतं.

म्हणून मी गाडीवरून कटकट करत नाही. ते सांगतात आणि मी करते. पाना माझ्या हातात आणि जीभ त्यांच्या तोंडात, अशी वाटणी झाली आहे. तुम्हीही पत्रातून रागावू नका. भाऊजींना नमस्कार सांगा, आणि माया आहे तशीच ठेवा.

आपली,
धाकटी


ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

डाव्या हाताने लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. उजव्या हाताचंही काही मोत्याचं नव्हतं. काळजी करत बसली असशील म्हणून आधी मुद्द्याचं: अंगठ्याला कळायला लागलंय. बाकीची बोटंही येतील.

गाडी झकास होणार आहे. मागचा अर्धा बाक काढून तिथे हिचं शिलाई मशीन पक्कं बसेल अशी बैठक करतोय. म्हणजे दुकान गिऱ्हाइकाच्या दारी जाईल आणि घरात कुणी सायलेन्सरला अडखळणार नाही. ही मदतनीस म्हणून बरी आहे. रिंग पान्याला ती गोल तोंडाचा म्हणते, पण मागितल्यावर बरोबर तोच देते. आमच्या वर्कशॉपमधल्या निम्म्या लोकांना तेवढंही जमत नाही. रंग क्रीम द्यायचा म्हणतोय. तुझं मत कळव. दिलंस तरी क्रीमच देणार आहे.

लोभ कमी करू नकोस.

तुझा,
खटपट्या


ता. ११ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.

खटपट्याचं पत्र आलं. अंगठ्याचं वाचून मी आनंदाने दूध उतू घालवलं, आणि शेगडी पुसता पुसता शंका आली. लहानपणी हा ताप असला की थर्मामीटर जिभेखाली न धरता नुसता दातांत धरून बसायचा, आणि बरं वाटतंय म्हणून अंगणात पळायचा. आई फसायची. मी तेव्हाही फसले नाही. बरं वाटतंय हे त्याचं पाठ केलेलं वाक्य आहे, तेव्हा तू मला खरं काय ते लिही. वाईट असलं तरी चालेल. लांब राहणाऱ्या माणसाला वाईट बातमीपेक्षा गोड बातमीचा संशय जास्त छळतो.

क्रीम रंग धुळीने आठवड्यात चहासारखा होईल. निळा द्या, गडद. मशीन ठेवायची कल्पना मला फार आवडली, पण वळणावर तुझी कात्री कुणाच्या मांडीत घुसणार नाही एवढं बघ. दोघंही वेळेवर जेवा.

तुझी,
ताई


ता. २६ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईंना वाकून नमस्कार, वि. वि.

तुम्ही ओळखलंत. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज सकाळी हे डोळे मिटून बसतात आणि मी एकेका बोटाला कापूस लावते. कुठल्या बोटाला लावला ते त्यांनी सांगायचं. ते बरोबर सांगायला लागले तेव्हा मीही हुरळले. मग एकदा गिऱ्हाइकाच्या घाईत बांगड्या काढून ठेवलेल्या होत्या, तर एकही उत्तर बरोबर येईना. बांगड्यांची किणकिण कुठून येते ते ऐकून सांगत होते, ताई.  दुसऱ्या दिवशी बांगड्या घातल्या आणि पुन्हा सगळी उत्तरं बरोबर आली. कुणाला फसवत होते कोण जाणे, मला की स्वतःला.

आता माझा पराक्रम ऐका. इंजिनावर ते जड झाकण असतं, त्याला हेड म्हणतात. ते बसवून यांनी मला बोल्ट आवळून घे म्हणून सांगितलं आणि घरात निघून गेले. आपलं काम दुसऱ्याने करताना बघवत नाही त्यांना. मी एका टोकापासून सुरू केलं. एक बोल्ट पुरता आवळायचा, मग शेजारचा, असं कडेकडेने फिरत पहिल्याशी येऊन पोचले. झग्याचा घेर दुमडतात तसा. काम इतकं सुबक दिसत होतं की मीच मागे सरून बघितलं. इंजीन सुरू केलं तर एका कडेने पाणी गळायला लागलं, पांढरा धूर, आणि हेडखालचं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी ती पातळ पट्टी, गेलं.

 मी बोल्ट आवळले तरी कसे, असं ह्यांनी विचारलं. मी घेराचं सांगितलं, आणि ताई, हे हसले. अपघातानंतर पहिल्यांदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग समजावलं की एक कडा आधी घट्ट झाली की दुसरी उचलते. म्हणून मधल्या बोल्टपासून सुरुवात करायची, समोरासमोरचे घ्यायचे, आधी सगळे सैल, मग पुन्हा फिरून थोडे घट्ट, मग पक्के. मी कपाळावर हात मारला. हे तर बाही जोडणं झालं! बाहीला आपण आधी वर, खाली, मागे, पुढे टाचण्या लावतो, मग धावदोरा, मग पक्की शिवण. मी घेर समजून बसले होते. आधी नुसतं बाही म्हणाले असते तर गॅस्केट वाचलं असतं, असं मी त्यांनाही सुनावलं.

वाकलेलं हेड कारखान्यातून सपाट करून आणायला दिलंय. तुमच्या भावाशी मी खोटेपणाचं बोलू का गप्प बसू, ते कळवा. मला काही सुचत नाही.

आपली,
धाकटी


ता. ६ मार्च

चि. खटपट्यास आशीर्वाद.

अंगठ्याचं खरं मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. मी तुला तू पाळण्यात होतास तेव्हापासून ओळखते. तुझा हात परत आला तर मी नाचेन, माझे गुडघे दुखतात तरी. नाही आला आणि तू फाटकावर बसलास, तर मी त्या फाटकावर येईन, माझ्या गाडीचा नंबर तुझ्याकडून लिहून घेईन, आणि सगळ्यांना सांगेन की हा माझा भाऊ. पण खोटं बोलून एकटा कुढत बसलास तर मात्र मी तुला ओळखणार नाही. धाकटी तुझ्यासाठी हात काळे करते आहे. तिला तरी सत्य सांग. भीती वाटते एवढं म्हणालास तरी पुरे.

रंगाचं आपण नंतर भांडू.

तुझी,
ताई


ता. ५ एप्रिल

तीर्थरूप ताईंना वाकून नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र वाचून ह्यांनी दोन दिवस गाडीकडे ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मी काज करत बसले होते तिथे येऊन जमिनीवर बसले आणि म्हणाले की अंगठ्याला काही कळत नाही आणि त्यांना फार भीती वाटते. मला ठाऊक होतं हे मी सांगितलं नाही. मलाही वाटते म्हटलं. मग दोघांनी चहा घेतला. ताई, तुमचे उपकार कसे फेडू?

हेड परत आलं, नवं गॅस्केटही आणलं. यावेळी हे शेडमध्ये माझ्याशेजारी उभे राहिले. मधला बोल्ट, समोरचा, त्याच्या पलीकडचा, आधी कच्चा टाका, मग पक्का. डावा हात माझ्या मनगटावर ठेवून बस म्हणाले की मी थांबत होते. काल सकाळी इंजीन सुरू केलं. थरथर नाही, गळती नाही, नुसती एकसुरी घरघर. मी तर मशीनला तेल घातल्यावरसुद्धा इतकी खूश झाले नव्हते. हे हातमोजे काढून वाकले, डाव्या हाताने कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळत कान लावून ऐकायला लागले. गाडी चांगली तापली होती. ऐकण्याच्या नादात तोल सावरायला उजवा हात टेकवला तो नेमका धुराच्या तापलेल्या पाइपावर.

अशी बोंब मारली की शेजारच्यांच्या खिडक्या उघडल्या. मी इंजीन बंद केलं, हात ओढत नळाखाली नेला, आणि हातमोजे का काढलेत म्हणून तोंडाचा पट्टा सुरू केला. हे नुसते बोटांकडे बघत होते. मग हळूच म्हणाले की भाजलं. ते दिसतंय मला, म्हणून मी पुन्हा ओरडले. तर म्हणाले, अगं दिसतंय काय, मला कळलं, अंगठ्याला कळलं. नळ तसाच वाहत राहिला आणि आम्ही दोघं वेड्यासारखे उभे.

डॉक्टरांनी आधी बेफिकिरीबद्दल चांगलं झापलं. मग डोळे मिटायला लावून टाचणीने तपासलं. अंगठ्याचं आणि मधल्या बोटाचं बरोबर आलं, अंगठ्याशेजारच्याचं अर्धवट. टोचणं आणि भाजणं आधी कळतं, हलका स्पर्श मागाहून येईल, पण नस जिवंत आहे यात आता शंका नाही, असं म्हणाले. साहेबांनाही तसं कळवणार आहेत. फाटकाचा विषय सध्या बंद.

गाडी अजून बोडकी आहे. खड्डे बुजवलेल्या लुकणाचे ठिपके अंगभर, आणि मशीनची बैठक व्हायची आहे. रंगाचं भांडण तुम्ही आलात की समोरासमोर होऊ द्या.

पट्टी बांधताना नर्सने दुखण्याच्या गोळ्या दिल्या, त्या ह्यांनी घेतल्या नाहीत. दुखू दे म्हणाले, किती महिन्यांनी दुखतंय. दिवसभर हात पुढ्यात धरून बसले होते, येईल त्याला सांगत होते. संध्याकाळी मात्र चेहरा पांढरा पडला आणि स्वतःच गोळी मागितली. फार दुखतंय, सहन होत नाही म्हणाले. मी गोळी दिली, पाणी दिलं, आणि आत जाऊन पोटभर रडून घेतलं.

माया अशीच राहू द्या.

आपली,
धाकटी