दाराजवळची शिकवणी

बाई, माझ्या गुडघ्यांची एक गंभीर तक्रार आहे आणि ती तुमच्याकडेच नोंदवायची आहे. आमच्या सोसायटीत मासळीची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरायला बंदी झाली. तेव्हापासून दर रविवारी बोंबील माझ्या पायांनी चौथा मजला चढतात. नोटीस इंग्रजीत आहे, वाक्य 'अनलेस'ने सुरू होतं आणि व्याकरणाची एकही चूक नाही.

भाईंदर पश्चिमेचं तुमचं वन रूम किचन. दोन हजार सालानंतरची पहिली वर्षं. आम्ही दहावीच्या पोरी सतरंजीवर बसायचो आणि तुम्ही गॅसपाशी उभ्या राहून 'इफ'ची वाक्यं फेकायचात. ती आम्ही 'अनलेस'ने फिरवून द्यायची. पहिल्या दिवशी जवळच्या राई गावच्या कोळीवाड्यातून माझी आई आली होती. मासळीची पाटी खाली ठेवून म्हणाली, "बाय, फीला पैसं न्हाय, म्हावरा हाय. पन पोरीला विंग्रजी येऊ द्या." "चालेल की," म्हणत तुम्ही पापलेटचे कल्ले उघडून पाहिलेत. मग मला म्हणालात, "तू दाराजवळ बस गं. तिथे वारा येतो." वारा कुणासाठी हवा होता ते सगळ्यांना कळलं.

पुस्तकातली वाक्यं तुम्हाला पुरायची नाहीत. समोरच्या पोरीलाच उदाहरण करायचं, ही तुमची पद्धत. एक दिवस माझा नंबर लागला. "इफ शी डझ नॉट वॉश हर हँड्स, शी विल नॉट सिट इनसाइड. हं, फिरवा." सगळ्या खाली मान घालून लिहितायत, एक फिदीफिदी हसतेय. हात मी घरून साबणाने घासून आलेय. तरी सगळ्यांच्या आधी तोच हात वर करते: "अनलेस शी वॉशेस हर हँड्स, शी विल नॉट सिट इनसाइड." "शाब्बास! बघा, हिचं बरोबर आलं," तुम्ही म्हणता. आत बस, असं म्हणत नाही. तव्यावर आमचंच पापलेट चुरचुरतंय. त्याचा वास मात्र कुणालाच येत नाही.

इंग्रजीत मी शाळेत पहिली आले. निकालाची म्हणून पापलेटची जोडी आई तुम्हाला आणून देणार होती, पण त्याआधीच तुम्ही वारलात. "बायची जोडी राह्यली," असं आई शेवटपर्यंत म्हणायची. मी भडकायचे. कसली जोडी आणि कसलं काय!

गेल्या महिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. "मॅडम, आपकी इंग्लिश अच्छी है, नोटीस ड्राफ्ट कर दो ना. मच्छी के स्मेल का बहुत इश्यू है." मी राईची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. लिहून दिली. माझ्याविरुद्धचं वाक्य मी बिनचूक लिहिते बाई, ही तुमचीच शिकवण.

हे पत्र माझ्याकडेच राहील. पण आज बाजारातून पापलेटची जोडी घेतली आणि तुमच्या दारी गेले. आता तिथे तुमची धाकटी बहीण राहते. "आत या ना," त्या म्हणाल्या. मी दाराजवळच थांबले आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

"आईने पाठवलीय," म्हणाले.