चार वाट्या करागात

२ जून
बावीस वर्षांपूर्वी, मी नवी नवरी, पाहुण्यांना पहिला चहा ओतत होते, तेव्हा सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "या पोरीच्या हाताला गोडी नाही." मी ते कधीच विसरून गेले आहे.
परसातल्या करागातीला यंदा पहिल्यांदाच भरभरून फळ धरलंय. सहा झुडपं, हिरव्या मण्यांचे घोस. जुलैत काळे आणि गोड होतील. पहिली मूठ सासूबाईंच्या हातावर मीच ठेवणार. मग बघू.

५ जून
पाटकरी पाण्याची यादी लावून गेला. आमची पाळी दर आठ दिवसांनी, पहाटे चारला. उद्या नाही, तेराला पहिली. चारला उठून चिखलात दारं धरायची! ज्यांना दुसरं काही सुचत नाही त्यांची कामं. माझी झुडपं काटक आहेत. लाडावली की रस पातळ होतो. हा माझा स्वतःचा शोध.
मेदेर म्हणाला, "मग मी उठू का?" आणि उत्तराआधीच घोरायला लागला. नवरा.

९ जून
पाटापलीकडून थोरल्या जाऊबाईंची, सुयुमकानताईंची, वाटीभर स्ट्रॉबेरी आली. लालभडक, लोचट फळं. बोट लावलं की रडतात. सासूबाईंनी वाटी चाटूनपुसून संपवली. वर म्हणाल्या, "सुयुमकानचा हात आहे हो." तोंडात दात नाहीत, तेव्हा मत ग्राह्य नाही.
वाटी रिकामी परत करायची आपल्यात पद्धत नाही. कपाटात ठेवली. करागात भरूनच पाठवीन.

१३ जून
पाळी होती म्हणे. झोप छान झाली. सातला बघते तर झुडपांखालची माती ओलीचिंब. दव! तलावाकाठी दव भरपूर पडतं, हे या गावात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कडेला गमबुटांचे ठसे. लोक कुठेही फिरतात.

१७ जून
वाटी नंबर चार. ताई कुंपणावर रेलून म्हणाल्या, "अगं बुरुल, माझ्या वाट्या काय लोणच्यात घातल्यास?" मी गोड हसले. म्हटलं, थांबा ताई, अशा भरून येतील की ओशाळाल. त्या झुडपांकडे बघत म्हणाल्या, "भरतील गं. पाणी मिळालं की भरतात."
सल्ला. माझ्याच कुंपणाशी उभं राहून.

२१ जून
पुन्हा दव. मणी वाटाण्याएवढे. मेदेरला म्हटलं, बघ, झोपूनही बाग होते. तो म्हणाला, "तुझी होते."

२३ जून
ताई काराकोलला, शहरात गेल्या, लेकीच्या बाळंतपणाला. महिनाभर सुटका! जाताना सासूबाईंच्या कानाशी काहीतरी कुजबुजल्या. तेव्हापासून सासूबाईंचं एकच पालुपद, "धाकटे, पहाटे उठत जा." त्यांना म्हटलं, आपा, तुम्ही उठता तेवढं घराला पुरे.

२९ जून
दव पडलं नाही. हवामान बिघडलंय. पानं कडांनी करपताहेत. करागातीचं हे वाढीचं लक्षण असावं.

७ जुलै
निश्चय केला होता. गजरही लावला होता. चारला उठून तो बंद केला. म्हणजे उठले तर होते.

१२ जुलै
झुडपांखाली फळांचा सडा. फांद्यांवर उरलेली सुरकुतलेली. म्हटलं, चांगलंच आहे, रस घट्ट होईल.
सासूबाई काठी टेकत आल्या. खाली बघत म्हणाल्या, "तुझ्या पाळीला सुयुमकान उठायची. मीच सांगितलं होतं तिला. म्हटलं, धाकटीला झोप प्यारी, तेवढं पाणी सोड तिच्या झुडपांना. आणि बोलू नकोस कुठे, तिला लागेल."
मी विचारलं, "मग दव?"
"कसलं दव?" म्हणाल्या, आणि आत गेल्या.

१३ जुलै
सकाळपासून वेचते आहे. सहा झुडपं मिळून एक वाटी, तीही काठाला टेकली नाही. उरलेल्या तीन धुऊन पालथ्या घातल्या. एक फळ खाल्लं. आंबट. दुसरं खाल्लं, तेही आंबट. तिसरं खायचं धाडस झालं नाही.
ज्या बाईला बावीस वर्षं मी धडा शिकवायला निघाले होते, तिनं मला लागू नये म्हणून गुपचूप माझ्या जावेला पहाटे उठवलं.
उद्या चहाच्या वेळी वाटी त्यांच्यापुढे ठेवणार आहे. सांगणार आहे की झुडपं ताईंनी जगवली आणि मी मारली. मग म्हणणार आहे, आपा, एक तोंडात टाका, आणि ते जुनं वाक्य तेवढं परत घ्या. खोटं का होईना.
घेणार नाहीत. दात नसले तरी जीभ शाबूत आहे.