परत न येण्याचा अर्ज

देरा, दुबई
मार्च २०१०, शुक्रवार

ती. सौ. नर्मदाताईस,

गुणवंताचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. आमच्या खोलीत सहा खाटा आहेत आणि माणूस आडवा होईल एवढी मोकळी फरशी फक्त फ्रिजसमोर. तिथे प्रल्हाद चपात्या लाटतो.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हटलं तर तू मुद्दाम चढणार, म्हणून म्हणत नाही. भावोजींच्या घोरण्याची चौकशी करत नाही, शांत दिवशी ते मला इथे ऐकू येतं. फणसाचे पापड यंदा घातलेस तर दोन माझ्या नावाने वेगळे ठेव. पाठवू मात्र नकोस. मागचे खोलीत वाटले, तर ते फणसाचे आहेत यावर खैरुद्दीनचा अजून विश्वास बसलेला नाही.

परवा फोनवर तू विचारलंस की कंपनी बुडाली, मालक पळाला, मग तू तिथे काय राखण करत बसलायस? फोनवर सांगायला लागलो असतो तर कार्ड अर्ध्यात संपलं असतं, म्हणून लिहितो. ताई, माझा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत अडकला आहे. नोकरीला लागलं की इथे बऱ्याच कंपन्या पासपोर्ट ‘सांभाळायला’ घेतात, आपल्याकडे सासू नव्या सुनेचे दागिने सांभाळायला घेते ना, तसा. मागायला गेलं की उत्तरही तेच, कुठे जातोय का तो, सुरक्षित आहे! मंदी आली तेव्हा क्रेन जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि आमच्याकडचं नकाशांचं काम बंद पडलं. (मी ड्राफ्ट्समन. माणसं बिल्डिंगा बांधायची थांबली तर मी काय काढू, रांगोळी?) अजमानचा फ्लॅट सोडला, छायाला आणि ओवीला देवरुखला आईकडे पाठवलं, मागोमाग मीही येतो म्हणालो. त्याला आता वर्ष उलटून गेलं. मधेच एके दिवशी मालक आपली गाडी विमानतळावर उभी करून गेला तो गेलाच. मागे उरला पीआरओ, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कंपनीचे कागद फिरवणारा माणूस, आणि त्याच्या खिशात तिजोरीची किल्ली.

वकिलाकडे गेलो. नुसतं ऐकून घ्यायचे पाचशे दिरहम म्हणाला, म्हणजे सहा हजार रुपये. सहा हजारांत आपल्या देवरुखच्या वकिलाने ऐकलंही असतं, चहाही पाजला असता आणि वर आपल्या चुलत्यांची खोडी काढून दुसरी केसही लावून दिली असती. मी तसाच उठलो. रात्री खैरुद्दीन म्हणाला (हा मालेगावचा, एसी दुरुस्त करतो, आणि खोलीतल्या कुणाच्याही अडचणीत स्वतःचीच असल्यासारखा घुसतो), वकील-बिकील सोड, कोर्टाचे तयार फॉर्म असतात, टायपिंग सेंटरमध्ये अरबीत भरून घ्यायचे, आपणच जाऊन उभं राहायचं, खलास. मला पटलं. भावोजींनी तहसील कचेरीत जन्मभर लोकांचे अर्ज वाचले, त्यांच्या मेहुण्याला एक अर्ज भरता येऊ नये?

तर पहिल्याच ओळीत अडलो. इथे नाव, मग बापाचं नाव, मग आजोबांचं नाव. आता आबांना आपण जन्मभर आबाच म्हटलं. म्हणून सेंटरच्या पायरीवरूनच घरी फोन लावला. आईने उचलला, आणि ताई, आई सासऱ्यांचं नाव घेईना! ते वारून वीस-पंचवीस वर्षं झाली, इकडे माझं कार्ड भराभर संपतंय, टायपिस्ट खिडकीतून यल्ला यल्ला करतोय, आणि ही बाई मला कोडं घालत्येय, उंदरावर कोण बसतो ते आठव म्हणून. मी गणेश म्हटलं, नाही. गणपत म्हटलं, नाही. विनायक म्हटल्यावर तर ती चिडलीच. शेवटी मागून ओवी ओरडली, “अहो बाबा, गणू! फोटोखाली लिहिलंय की!” हीच पोरगी अजमानला मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि मी तिला ओरडायचो. आता देवरुखच्या पोरींसारखी हेल काढून बोलते. हे सगळं ती माझ्यामागे शिकली. पुढे अरबीत काय काय भरलं गेलं, माझं लक्षच नव्हतं.

आणि तिथेच घोळ झाला. टायपिस्ट मल्लू, म्हणजे केरळचा, पण हिंदी त्याचं माझ्याहून बरं. शेवटच्या रकान्यात कोर्टाकडे काय मागायचं ते लिहायचं होतं. त्याने विचारलं, पासपोर्ट कशाला पाहिजे, गाव जाना है? मी म्हटलं, हां, जाके आता हूँ. आता तूच सांग, दुसरं काय म्हणणार होतो? लहानपणी दारातून ‘जातो’ म्हटलं की आई उंबरठ्यावरून परत बोलवायची, ‘येतो’ म्हणायला लावायची आणि मगच सोडायची. शाळेची घंटा झाली तरी चालेल. तेच तोंडात बसलंय. त्या बिचाऱ्याने सांगितलं तसं टाइप केलं, की अर्जदार गावी जाऊन परत येणार आहे. मला हवा होता व्हिसा रद्द करून कायमचा निरोप, आणि मी सही केली रजेच्या अर्जावर!

तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. समोर पीआरओ, चेहऱ्यावर कसं हसू, नवरदेवाच्या मामासारखं. तो म्हणाला, साहेब, याला रजाच हवी असेल तर आमची काही हरकत नाही, फक्त रीतीप्रमाणे जामीन म्हणून दोन सहकाऱ्यांचे पासपोर्ट जमा करावेत. (ते दोन्ही पासपोर्ट त्याच तिजोरीत आहेत, ताई. माझ्याच शेजारी पडलेले असतील.) जज्जसाहेब भला माणूस. त्यांनी दुभाष्याकडून सरळ विचारलं, तू परत येणार आहेस की नाही? ‘नाही’ एवढा एक शब्द म्हणायचा होता. मागे बसलेल्या खैरुद्दीनने खुर्चीला लाथ मारली. पण भर कोर्टात, परमुलखात, स्वतःच्या तोंडाने ‘जातो आणि येत नाही’ कसं म्हणू? जीभच वळेना. शेवटी म्हणालो, “इन्शाल्ला.” कोर्टात हसू फुटलं. दुभाष्याने अरबीत ते भाषांतर न करताच पुढे ढकललं, आणि जज्जसाहेबांनी नक्की काय हवं ते ठरवून नवा फॉर्म आण म्हणून पुढची तारीख दिली.

बाहेर आल्यावर खैरुद्दीन पार्किंगभर माझ्यावर ओरडत होता. पुन्हा त्याच सेंटरमध्ये गेलो. या वेळी भिंतीकडे तोंड करून सांगितलं, कायमचा जातो, परत येणार नाही. टायपिस्टने खात्रीसाठी दोनदा वाचून दाखवलं. दोन्ही वेळा अंगावर काटा आला. अकरा वर्षं काढली इथे. ओवी इथेच चालायला शिकली, अजमानच्या समुद्रावर, एका पायात सँडल आणि दुसरी लाटेत गेलेली. फ्लॅट सोडताना तिने भिंतीवर खडूने काढलेली चित्रं मीच रंग लावून बुजवली, एक मात्र दरवाजामागचं ठेवलं. त्यात आम्ही तिघं आहोत आणि मला केस काढलेत. आता तिथे दुसरं कुणी राहत असेल आणि दार उघडंच ठेवत असेल.

खोलीवर आलो तर प्रल्हाद (लांज्याचा, शटरिंगचा सुतार) म्हणाला, असलं अभद्र कागदावर लिहून आलास, आधी दृष्ट काढतो. मीठ-मोहऱ्या ओवाळून त्याने तव्यावर टाकल्या. मला धरून पाच खाटांवरची माणसं खोकत गॅलरीत पळाली, वॉचमन धावत वर आला. त्याला खैरुद्दीनने समजावलं, हबीबी, कुछ नहीं, इन लोगों का सिस्टम है. दृष्टीमुळे म्हण की फॉर्ममुळे, पुढच्या तारखेला हुकूम निघाला. जज्जसाहेबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला नाही, ही त्यांची मेहरबानी. पीआरओचं हसू मावळलं. आता पासपोर्ट मिळणार, वकिलाशिवाय! भावोजींना सांग, मेहुणा अगदीच वाया गेलेला नाही.

आईला नमस्कार, ओवीला पापा, छायाला काय लिहू ते सुचत नाही म्हणून तिच्यासाठी एवढी जागा सोडतो. भावोजींना दंडवत.

तुझा,
गुणवंत

ता. क. : कुळथाचं पीठ असेल तर कुणी येणाऱ्याबरोबर पाठव. प्रल्हाद पिठलं चांगलं करतो, पण इथल्या पिठाला वास नाही.

ता. क. २ : वर ‘मिळणार’ लिहिलं ते खरं नाही. पासपोर्ट मिळाला, उशीखाली आहे. तिकीट काढलेलं नाही. इथेच, अल ऐनला, एका ऑफिसात जागा आहे, पगार निम्मा, आणि ते मला घ्यायला तयार आहेत. उद्या-परवा त्यांना हो-नाही सांगायचं आहे. छाया आता पतसंस्थेत जाते, कमावते, ओवीची शाळा, आईची औषधं, सगळं तीच बघते. फोनवर दर वेळी म्हणते, इकडचं सगळं ठीक आहे, तुम्ही तुमचं तिकडचं बघा. इतकं ठीक आहे, ताई, की त्यात मी कुठे बसायचं तेच समजत नाही. रिकाम्या हाताचा नवरा तिला दारात चालेल का? हे विचारायला जज्ज नाही आणि फॉर्मही नाही. म्हणून हे सगळं पुराण लिहिलं. तुम्ही दोघी तांदूळ निवडत बसाल तेव्हा, मी विचारलंय हे कळू न देता, तूच काढून घे. हो म्हणाली तर फक्त मिस्ड कॉल दे. मी उचलणार नाही, तुझे पैसे जाणार नाहीत. सरळ तिकिटाच्या दुकानात जाईन.

ता. क. ३ : नको म्हणाली, तरी मिस्ड कॉल दे.