नववा धडा : गाडी मागे घेणे

शनिवार, १४ तारीख, सकाळी पावणेसात

प्रिय छोटे,

दादाचा आशीर्वाद, अजून चालत असेल तर. आईचा गुडघा बरा आहे. चष्मा परत हरवला होता, फ्रिजमध्ये सापडला. तुझं पत्र सोमवारी आलं, मीच तिला वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाच म्हणाली, तेव्हा डोकं दुखतंय सांगून उठलो.

तू लिहिलंस, थोरलीच्या शाळेला नवी व्हॅन लागली. ड्रायव्हर गुणी आहे, रोज साडेसातला गल्लीत गाडी मागे घेत थेट फाटकाशी आणतो. शिवाय, "तो दादाच्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलाय, म्हणून मी निर्धास्त आहे." दोन वर्षांनी तुझ्या अक्षरात 'दादा' वाचलं गं. जावईबापूंना मी तीनदा लायसन्सच्या परीक्षेला बसू दिलं नाही, त्यावरून तू बोलणं टाकलंस. तेव्हा मी तसाच होतो. आरसा न बघता गाडी हलवली तर मेहुण्यालाही खाली उतरवायचो.

आताचं सांगतो. गेल्या वर्षी सगळे धडे ऑनलाइन झाले. बारा व्हिडिओ, प्रत्येकाच्या शेवटी दहा प्रश्न, ते सोडवल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही. लोक कंटाळतात. स्कूलचा मालक म्हणाला, "मास्तर, पासवर्ड तुमच्याकडेच आहेत, तुम्हीच उरकून टाका की." पहिल्यांदा जिवावर आलं, मग सवय झाली. आवाज बंद करून व्हिडिओ चालू ठेवायचा, चहा प्यायचा, उत्तरं ठोकायची. असे एकेचाळीस जण मी पास केले. तुझा ड्रायव्हर त्यातलाच. त्याने एकही धडा पाहिलेला नाही.

नववा धडा गाडी मागे घेण्याचा आहे. आधी खाली उतरा, मागे जाऊन बघा, मगच गाडी हलवा, एवढंच त्यात सांगितलंय. मैदानात त्याला रिव्हर्स मीच शिकवला, पण लांब मागे उभा राहून, हात हलवत, "येऊ दे, येऊ दे" करत. मागे कोणीतरी आपल्यासाठी बघत असतं, इतकंच तो शिकला.

आणि तुझ्या पत्राची शेवटची ओळ अशी, की धाकटी रोज व्हॅनच्या मागे जाऊन "ये, ये" करते आणि तुम्ही हसून हसून दमता.

गुरुवारी आईच्या फोनवरून तुला लावला. "दादा? किती दिवसांनी रे," म्हणालीस. इतकं गोड म्हणालीस की मी आईच्या गुडघ्याचंच सांगत बसलो. हवापाणी बोललो आणि ठेवला. भित्रा आहे मी. त्यानंतर शुक्रवारची सकाळ गेली, तेव्हाही ती गाडी मागे आलीच असेल.

काल स्कूलची व्हॅन मोकळी होती. धाकटी जेवणाच्या टेबलाएवढी झाली, असं तू लिहिलंयस. घरचं टेबल मोजलं, तेवढ्याच उंचीचं स्टूल व्हॅनच्या मागे दोन हात अंतरावर ठेवलं आणि सीटवर जाऊन बसलो. डाव्या आरशात दिसेना, उजव्यात दिसेना, मधल्यातही नाही. मान वळवून पाहिलं तर मैदान रिकामं. खाली उतरून बघून आलो, स्टूल जागेवरच होतं.

तोंडाने सांगायला जमलं नाही म्हणून लिहितोय. आत्या अकराच्या बसने निघतेय, संध्याकाळी हे तुझ्या हातात देईल. आज-उद्या सुट्टी आहे, तेवढंच नशीब. सोमवारी धाकटीला घरात ठेव, कडी लाव, रडली तर रडू दे. ड्रायव्हरला बोलू नकोस, त्याला कोणी शिकवलंच नाही. उद्या मी येतो. सोमवारी गाडीच्या मागे मी उभा असेन. मला घरात घ्यायचं की नाही ते तू ठरव.

आत्ता आई चहा घेऊन आली. कोणाला लिहितोस विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "आज त्यांची अर्धी शाळा असते ना रे शनिवारची?"

मला माहीत नव्हतं, छोटे. सात पंचवीस झालेत. तीनदा फोन लावला, वाजतोय, तू उचलत नाहीस. चौथ्यांदा लावून स्पीकरवर ठेवलाय आणि लिहितोय, हात रिकामे ठेववत नाहीत म्हणून. साडेसात झाले. अजून वाजतोय. या वेळी तू फाटकात असतेस.

ज्याच्या भरवशावर तू निर्धास्त आहेस, तो
तुझा दादा