टेम्पो सुधारण्याबाबत

शेंद्रा, ता. ३ मार्च २००३

ती. मामा व मामी यांस सोमनाथचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. माळावरच्या गोल्फच्या मैदानात पाच महिने साहेबांच्या पिशव्या वाहिल्या. आता नवख्यांना शिकवणाऱ्या रामप्रसाद सरांना मदतनीस हवा आहे. परीक्षा (हा शब्द मी दोनदा तपासला) पंधरा तारखेला. काठीने दहा चेंडू मारायचे, त्यातले सात तरी सरळ लिंबाच्या झाडापर्यंत गेले पाहिजेत. पण सर रोज ओरडतात की सोमनाथ, तुझा टेम्पो बिघडलाय, काठी वर नेताना घाई, खाली आणताना दुप्पट घाई. टेम्पो सुधारला नाही तर मी परत मेंढ्यांमागे, आणि मेंढ्या मला किती मानतात ते तुम्ही पाहिलेच आहे.

लोभ असावा, मेंढ्यांवर आहे तेवढा तरी.

आपला
सोमनाथ

वैजापूर, ता. ७ मार्च

चि. सोमनाथ यास त्रिंबकमामाचे अनेक आशीर्वाद. (बाबा सांगतात, शालू लिहिते.)

आरं, तुला टेम्पो दिला कुणी? लायसन नाय, सायकलवरून दोनदा आडात पडता पडता वाचलास. तुझी मामी म्हणते, साहेब लोक येडे झाले. पण दिलाच हाय तर ऐक. मी नऊ वर्षं मेंढरं भरून टेम्पो चालवलाय. रिकामा टेम्पो उधळतो, म्हणून मागं मेंढरं भरलीत असंच समजायचं. चढाला दमानं. माथ्यावर लगेच उतरायचं नाय, मेंढरांना पाय रोवू द्यायचे. मग सोडायचा. उताराला तो आपल्या वजनानंच पळतो, तिथं तू कशाला जोर लावतोस? स्टेअरिंग लई आवळू नको. चेंडूचं काय ते तुझं तू बघ.

इथं विहीर आटली, चारा नाय. तू तिकडंच टिक.

मामीची माया धरून आशीर्वाद.
त्रिंबकमामा

शेंद्रा, ता. १६ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचून आधी कपाळाला हात लावला. मग काठी उचलली.

काल पहिले दोन चेंडू घाईत पाण्याच्या टँकरवर आदळले. टँकरवाल्याच्या शिव्या इथे लिहीत नाही, त्यांचे शुद्धलेखन मला येत नाही. मग मनात मेंढरं भरली. चढाला दमानं, माथ्यावर थांबलो, मग काठी आपल्या वजनानं खाली सोडली. उरलेले आठही लिंबापर्यंत! नोकरी पक्की. काय पुटपुटत होतास असे सरांनी विचारले, तेव्हा खरे सांगितले. आता एका कारखान्याचे मोठे साहेबही चेंडूपुढे वाकून मेंढरं भरलीत असे म्हणतात.

एक खुलासा तीनदा लिहिला, तीनदा खोडला. समक्ष सांगेन.

असाच लोभ राहो, गैरसमजासकट.

आपला
सोमनाथ

वैजापूर, ता. २१ मार्च

चि. सोमनाथ यास आशीर्वाद.

वाडीला पेढे वाटले. टँकरला ठोकर दिलीस ते वाचून मामी घाबरली, पण नव्या ड्रायव्हरकडून व्हायचंच. पाडव्याला टेम्पो घेऊनच ये. चितेगावकडं चारा मिळतोय, मेंढरं वाट बघत्यात. साऱ्यांना सांगून ठेवलंय.

आम्हा सगळ्यांची माया आहेच.
त्रिंबकमामा

ता. क. दादा, तुझं पहिलं पत्र मी नीट वाचलं होतं. बाबांना काही बोलले नाही, त्यांचा टेम्पो सुटल्यापासून पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी टेम्पोचं विचारलं होतं. भाड्याचा का होईना, घेऊन ये. ड्रायव्हरला वाडीच्या अलीकडे उतरव, आणि शेवटचा उतार तू चालव. जोर लावू नकोस. - शालू